गड्ड्यातली एक दुपार

११ जानेवारी

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. सोलापूर सुमारे २६० किलोमीटर, चार तासांचा रस्ता. दौंड मागे पडलं की खिडकीत आपलाच चेहरा दिसतो, आणि कुर्डुवाडीला चहावाला चढला की सोलापूर आलंच असं वाटायला लागतं.

मावशीचा फोन महिनाभरापूर्वी आला होता. "यंदा गड्ड्याला ये. पुढच्या वर्षी मला जमतंय न जमतंय." मावशी कधी असं बोलत नाही, म्हणून सगळ्या कामांना बाजूला सारून निघाले. गड्डा म्हणजे सोलापूरची संक्रांतीतली सिद्धेश्वराची यात्रा. पण खरं सांगायचं तर नुसती यात्रा बघायला निघाले नव्हते. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. ३९ वर्षं मी ती सांगितली नव्हती.

बाळीवेशीतल्या घरी पोचले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. मावशी जागी. "आलीस? हात-पाय धू आधी." ताटात कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. जेवताना समोर दादाचा, मावशीच्या मुलाचा फोटो. दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला एवढासा फोटो पुढं मोठा करून घेतला, म्हणून त्याचा चेहरा जरा पुसट, दाणेदार आहे. मी आता पन्नाशीची. तो सोळाचा. तरी मनात त्याला दादाच म्हणते.

१२ जानेवारी

सकाळी चालत पार्क चौकाकडं गेले. चार पुतळ्यांना हार घातलेले होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ला येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिली. त्याआधीच्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ होता. ८ मे १९३०च्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण पडला. कुर्बान हुसेन यांनी फाशीच्या वेळी विशी नुकतीच ओलांडली होती. शाळेत असताना आम्हाला इथं रांगेनं आणायचे. तेव्हा पुतळे मोठ्या माणसांचे वाटायचे. आज खाली उभी राहून बघितलं तर कुर्बान हुसेन माझ्या मुलाच्या वयाचे. पायथ्याशी शाळेची मुलं घोषणा देत होती आणि त्यांच्या बाई त्यांना रांगेत ठेवण्यात गुंतल्या होत्या. मी बराच वेळ तिथं थांबले.

शहरानं आठवण ठेवली की चौक होतो, गाडीला नाव मिळतं. घरात मेलेल्या पोराची आठवण एकट्या आईला ठेवावी लागते, आणि तिच्याजवळचा साठा ठरलेला असतो.

हे मला आज दुपारी फार जाणवलं. मावशीकडं दादाच्या गोष्टी मोजक्या आहेत. त्यानं रेडिओ उघडून दुरुस्त केला आणि परत लावताना एक स्क्रू उरला, तरी रेडिओ वाजला. तो स्क्रू देवघरातल्या डबीत आहे. चौथीत असताना शेजारच्यांचं वासरू विकलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. तापात असताना त्यानं शेंगा चटणीचा हट्ट धरला आणि मावशीनं दिली नाही. हे शेवटचं सांगताना तिचा आवाज अजून बसतो. अशा दहा-बारा गोष्टी. प्रत्येक भेटीत त्याच, त्याच शब्दांत. मी लहान होते तेव्हा कंटाळायचे. आता एखादा शब्द तिनं बदलला तरी मला चुकल्यासारखं होतं.

दादाला काय झालं होतं ते इथं नीट लिहिते, कारण अजूनही कितीतरी घरांत हे माहीत नसतं. दहा वर्षांचा असताना त्याचा घसा दुखला, ताप आला. मिठाच्या गुळण्या केल्या, बरं वाटलं. पंधरा-वीस दिवसांनी गुडघे सुजले, मग घोटे, मग कोपर. एक सांधा उतरला की दुसरा धरायचा. वाढतं वय आहे, पळतो फार, असं सगळे म्हणाले. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढायला शरीर जे तयार करतं तेच उलटून स्वतःच्या हृदयाच्या झडपांवर जातं. डॉक्टर लोकांत म्हणतात, हा आजार सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो. दादाची झडप हळूहळू जाड झाली, अरुंद झाली. यावर तेव्हाही उपाय होता, आजही तोच आहे: दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं लांब टिकणारं इंजेक्शन, वर्षानुवर्षं, न चुकता. झालेली इजा त्यानं भरून येत नाही, पण पुन्हा ताप येऊन नवी इजा होत नाही. दुधासारखं पांढरं, घट्ट औषध. कमरेत दिलं की दादा दोन दिवस लंगडायचा.

मुलाचा घसा दुखून ताप आला, आणि मागाहून सांधे धरले, तर थांबू नका. एवढंच मला हात जोडून सांगायचं आहे.

त्या इंजेक्शनला त्याच्याबरोबर जायचं काम माझ्याकडं होतं. मी अकरा वर्षांची. तो सायकल चालवणार, मी मागं कॅरिअरवर. पोरगा सुईला भिऊन मधूनच परत फिरू नये म्हणून मला पाठवायचे. राखणदार म्हणून.

१३ जानेवारी

आज यण्णीमज्जन. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, त्यांना आज तेलाचा अभिषेक. गावाचं जुनं नाव सोन्नलगी. मावशी अजून रागावली की म्हणते, "अख्ख्या सोन्नलगीत तूच शहाणी." सकाळी यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून सातही नंदीध्वज निघाले. ज्यांनी बघितलेले नाहीत त्यांना काय सांगू? घरांच्या गच्च्यांच्या वर जाणारे उंच ध्वज, एकेका माणसानं पेललेले. नुसती ताकद असून भागत नाही. तोल कळावा लागतो, म्हणून आधी कितीतरी दिवस सराव चालतो. एक दमला की दुसरा पुढं येतो आणि ध्वज क्षणभरही न कलता एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो. सगळ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी. "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" म्हटलं की घशात काहीतरी दाटून येतं. पुण्यात इतकी वर्षं काढली, पण ती हाक ऐकली की मी इथलीच.

दादालाही बाराबंदी शिवली होती. १९८५च्या दिवाळीनंतर. त्याला ध्वज पेलायचा होता, डॉक्टरांनी साधं पळायलाही बंदी केली होती. काकांनी मधला मार्ग काढला: "यंदा बाराबंदी घालून नुसता चाल. उचलायचं पुढं बघू." शिंप्याकडून ती आली त्या दिवशी दादानं घालून बघितली. बारा बंद बांधता बांधता त्याला दम लागला, तो हसला आणि खाली बसला. डिसेंबरात तो गेला. रात्री झोपता यायचं नाही, उशाला तीन उश्या लावून बसायचा, खोकला थांबायचा नाही. छातीत पाणी झालं होतं.

संध्याकाळी गल्लीतली एक बाई मुलाला घेऊन आली. पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला पोरगा. यंदा पहिल्यांदा ध्वजाबरोबर चालणार. शिवायला दिलेली बाराबंदी वेळेवर मिळाली नव्हती. बाई जरा अडखळत म्हणाली, "मावशी, तुमच्याकडं आहे म्हणून ऐकलं. एका दिवसापुरती."

मला वाटलं, मावशी देईल. देऊन टाकली तर बरंच, असंही मनात आलं. इतकी वर्षं पेटीत पडलेलं कापड एखाद्या पोराच्या अंगावर चढेल.

"नाही," मावशी म्हणाली. "ती त्याची आहे."

एवढंच. मग उठून आत गेली, पैसे आणले, त्या पोराच्या हातात कोंबले. "पार्क चौकात जा, तयार मिळते. मापाची बघून घे. लांब हाताची घेऊ नकोस, अडकते." पोरगा वाकून पाया पडला. तो गेल्यावर मला म्हणाली, "चांगलं आहे पोरगं. घसा बसलाय त्याचा, ऐकलास का? त्याच्या आईला सांगायला पाहिजे होतं." आणि चप्पल घालून त्यांच्यामागं गल्लीत गेली.

१४ जानेवारी, भोगी

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता.

गोष्ट सोलापुरात सगळ्यांना पाठ आहे. सिद्धरामेश्वरांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी घालणारी एक कुंभाराची मुलगी. तिला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं. ते शिवाला वाहिलेले. म्हणाले, माझ्याशी नाही, माझ्या योगदंडाशी कर. नंदीध्वज म्हणजे तो योगदंड. आज त्याला बाशिंग बांधतात, सुगडी पुजतात, संमती वाचतात, "सत्यम सत्यम" म्हटलं की लाखभर हातांतून तांदूळ उडतात. उद्या होम. त्यात ती गेली.

लहानपणी मला यातलं लग्न तेवढं दिसायचं. आज गर्दीत उभी असताना पहिल्यांदाच मनात आलं, ती किती वर्षांची असेल? अंगणात रांगोळी घालणारी पोर. पंधरा? सोळा? एवढं मोठं शहर आठ-नऊशे वर्षं एका पोरीचं लग्न लावत आलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी तिला निरोप देत आलं आहे. दरवर्षी तेवढ्याच हौसेनं. बाशिंग दरवर्षी नवं.

मावशीनं गर्दीत जायचं टाळलं. ती घराच्या गच्चीवर उभी राहिली आणि तिथून तांदूळ टाकले. मी परतले तेव्हा तिच्या केसांत दोन-तीन दाणे अडकलेले होते.

रात्री जेवण झाल्यावर मी तिला सांगितलं.

जानेवारी १९८५, गड्ड्याचे दिवस. इंजेक्शनची तारीख त्यातच आली होती. घरून सायकलवर निघालो. होम मैदानाजवळ आल्यावर दादानं सायकल थांबवली. पाळण्यांचा आवाज येत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. इंजेक्शनला दिलेले पैसे त्याच्या खिशात होते. आम्ही आत शिरलो. संध्याकाळी घरी येताना तो मुद्दाम लंगडत चालला, आणि मी मावशीला सांगितलं की आज फार दुखलं त्याला.

पुढं शिकल्यावर मी दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही सांगितलं की एक इंजेक्शन चुकल्यानं असं होत नाही, झडप आधीच गेलेली असणार. मला ते समजलं. तरी त्या वर्षी उन्हाळ्यात त्याला पुन्हा ताप आला होता हेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी माझ्याजवळ आहेत आणि त्या एकमेकींना पुसत नाहीत.

मावशी ऐकत होती. बोलली नाही. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं." उठली, दिवा मालवला, आपल्या खोलीत गेली. मी रात्रभर जागी होते. ती पण. तिच्या बांगड्यांचा आवाज अधूनमधून येत होता.

१५ जानेवारी, संक्रांत

सकाळी तिळगूळ दिला, पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा जरा कमी वेळ. शेंगापोळ्या लाटल्या. दोघी मिळून वीस-बावीस पोळ्या होईपर्यंत एक शब्द नाही. मी मनात ठरवलं, संध्याकाळची गाडी मिळते का बघावं.

शेवटची पोळी तव्यावर होती. मावशी माझ्याकडं न बघता म्हणाली, "काय खाल्लं त्यानं?"

मला कळलंच नाही.

"त्या दिवशी. गड्ड्यात. काय खाल्लं?"

"मिरचीची भजी," मी म्हटलं.

"किती?"

"तीन. मला एक दिलं."

"तिखट लागलं असेल. त्याला तिखट सोसायचं नाही."

"लागलं. नाकातून पाणी आलं. मग उसाचा रस प्यायलो, एकात दोघं."

मावशीनं गॅस बंद केला. पाटावर नीट बसली. "आणि?"

मग मी सांगत गेले. मौत का कुआ बघितला ते. फळ्यांवरून गाडी वर चढली तेव्हा कठडा थरथरायला लागला आणि त्यानं माझा हात असा धरला की कांकणं रुतली. पाळण्यात बसायला तो नाही म्हणाला, छाती धडधडते म्हणाला, मी एकटीच बसले; प्रत्येक फेरीला खाली आले की तो टोपी हलवायचा. टोपी होती का त्याच्याकडं? होती, कागदाची, तिथंच घेतली, येताना तळ्यात टाकून दिली, घरी कळेल म्हणून. बांगड्यांच्या दुकानासमोर तो बराच वेळ उभा होता. "अव्वाला घेऊ या," म्हणाला (आईला तो अव्वा म्हणायचा), मग म्हणाला, नको, पैसे कुठून आणले विचारेल.

"कसल्या?" मावशीनं विचारलं.

"हिरव्या. बारीक नक्षीच्या."

ती स्वतःच्या मनगटाकडं बघत राहिली. काका गेल्यापासून तिच्या हातात सोन्याच्या दोनच आहेत.

"इतकी वर्षं तुझ्याजवळ होता होय तो दिवस," ती म्हणाली. "मला द्यायचा की गं लवकर."

रडली ती त्यानंतर. मीही.

रात्री होम बघायला गेलो, सावकाश, हात धरून. बाजरीच्या पेंढीला साडी, मणी, बांगड्या घालून कुंभारकन्या केलेली. अग्नी दिला. मावशीनं हात जोडले आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही. पहिल्या नंदीध्वजाला आज नागफणी, ती पेलणाऱ्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या. मग वासराची भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, पान असं ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतं त्यावरून पाऊसपाण्याचा अंदाज सांगतात. वासरू बिचकलेलं होतं. मावशी पुटपुटली, "पाणी पाजा त्याला आधी." मला चौथीतला दादा आठवला. तिलाही आठवला असणार.

१६ जानेवारी

किंक्रांत. रात्री शोभेचं दारूकाम झालं, ते आम्ही गच्चीवरूनच बघितलं.

पण दुपारी मावशी म्हणाली, "मला गड्ड्यात ने." अठ्ठ्याहत्तरीतली मावशी आणि ती गर्दी. रिक्षानं होम मैदानापर्यंत गेलो. सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूनं आत शिरलो. आता सगळीकडं राजमुंद्री भजीचे स्टॉल, लांबच लांब मिरच्या. तिनं भजी मागवली. तीन तिनं घेतली, एक माझ्या हातात दिलं. तिसरं तिला संपेना. तरी संपवलं, डोळ्यांत पाणी आलेलं तसंच. मग मौत का कुआ कुठं होता ते विचारलं. मला नक्की सांगता येईना. पाळण्यांच्या पलीकडं, तळ्याच्या अंगाला, असं काहीतरी. ती त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. माणसं दोन्ही बाजूंनी धक्के देत होती. मी तिच्या मागं हात पसरून उभी.

बांगड्यांच्या दुकानासमोर मी थांबले. तिनं मान हलवली. "मला नको. मला कळलं ना, बास."

१७ जानेवारी

आज कप्पडकळी. मल्लिकार्जुनाच्या देवळात नंदीध्वजांची वस्त्रं उतरवतात आणि यात्रा संपते. दादाची बाराबंदीही वर्षातून एकदा, याच दिवशी पेटीतून बाहेर येते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मावशी ती कोमट पाण्यात भिजवते, चोळत नाही, हलक्या हातानं पिळते. कापड पिवळट पडलंय. बारापैकी दोन बंद तुटलेत, ते तिनं जपून ठेवलेत, परत शिवलेले नाहीत. अंगणात तारेवर तिनं ती पसरली, बाह्या दोन्हीकडं सारख्या करून. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाली, "राहू दे, मला सवय आहे."

माझी गाडी दुपारची. पिशवीत शेंगापोळ्या, शेंगा चटणीचा डबा, आणि तीन चादरी, नको म्हणत असताना. मी चपला घालत होते. कुंपणापलीकडून त्या बाराबंदीवाल्या पोराची आई डोकावली, मावशी कशा आहात म्हणाली.

"बरी आहे," मावशी म्हणाली, आणि कुंपणाजवळ गेली. "तुला सांगायचं राहिलं. आमचा पोरगा गड्ड्याला जाऊन आला की गं, कुणाला न सांगता. मौत का कुआ बघितला म्हणे. तीन भजी खाल्ला. नाकातून पाणी आलं त्याच्या."